अक्काचा सुकाळ

शैलजा मगदूमचं वजन चौऱ्याऐंशी किलोवर येऊन जे ठाण मांडून बसलं, ते काही केल्या उठेना. आधीचे दहा किलो भराभर उतरले होते. पुढचे महिनेच्या महिने काटा जागचा हलला नाही. डॉक्टर ऐनापुरेंच्या दवाखान्यातला काटा बोलका होता. आकडा सांगून झाला की तो बाईच्या गोड आवाजात "छान प्रयत्न!" म्हणायचा, आणि त्या आवाजाचा शैलजाच्या धाकट्या भावाला, अभिनंदनला, आताशा संताप यायला लागला होता.

"अक्का, खरं सांग," तो म्हणाला, "बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात जाता-येता काहीतरी तोंडात टाकतेस ना?"

अक्का काट्यावरून उतरली आणि तिनं चपला घातल्या. पंचावन्न वर्षांची बाई, सांगलीतल्या मुलींच्या बोर्डिंगची रेक्टर, जिच्या नुसत्या खाकरण्यानं तिसऱ्या मजल्यावरचे दिवे मालवले जायचे, ती धाकट्या भावासमोर चोरी पकडल्यासारखी उभी राहिली. चोरी तिनं केलीच नव्हती. पण भाऊ आजारी होता, आणि आजारी माणसाला वाटेल ते बोलायची मुभा असते असा तिचा समज होता. अभिनंदननं आजारी नसतानाही ती मुभा भरपूर वापरली होती, हा भाग वेगळा.

त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तासगावकडच्या द्राक्षबागांवर ड्रोननं फवारणी करायचा त्याचा चांगला चाललेला धंदा, आणि आता एक दिवसाआड डायलिसिस. बायकोला, सुजाताला, मधुमेह, त्यामुळं तिची किडनी बाद. प्रयोगशाळेत वाढवलेल्या किडन्या बातम्यांत रोज यायच्या, सांगलीपर्यंत कधी यायच्या नाहीत. राहिली अक्का. तिचं सगळं जुळत होतं. अडत होतं ते फक्त वजन. एवढ्या वजनाच्या बाईची एक किडनी काढली तर उरलेल्या एकीवर भार पडेल, शहात्तरच्या खाली आल्याशिवाय मी सुरीला हात लावणार नाही, असं सर्जननं स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे अभिनंदनचा जीव अक्काच्या आठ किलोंत अडकला होता. त्याची चिडचिड समजण्यासारखी होती. माफ करण्यासारखी होती का, ते शेवटी बघू.

"दिवसातून किती वेळा जेवता?" डॉक्टर ऐनापुरेंनी विचारलं.

अक्कानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत सांगितलं, "एकदा."

"मी तीनदा सांगितलं होतं."

"एकाशन आहे माझं. ह्याचं ऑपरेशन होईपर्यंत नियम घेतलाय."

दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. अक्काला त्यात नवीन काहीच नव्हतं. अभिनंदनच्या दहावीला एकाशन, त्याला कावीळ झाली तेव्हा एकाशन, त्याचं लग्न ठरेना तेव्हा गोड सोडलं ते थेट अक्षता पडेपर्यंत. त्याचा पहिला ड्रोनसुद्धा अक्काच्या नियमावरच उडाला, अशी तिची मनापासून समजूत होती. ज्याचा त्यात फायदा होता त्यानं ती समजूत कधी खोडून काढली नाही.

डॉक्टर ऐनापुरेंनी कपाळाला हात लावला. मग खुर्ची पुढं ओढून त्या म्हणाल्या, "शैलजाताई, तुमचं शरीर आळशी नाही. घाबरलंय."

त्यांनी समजावलं ते असं. चरबी म्हणजे शरीराची कणगी. कणगी रिती व्हायला लागली की तिच्याकडून मेंदूला जाणारा एक संदेश मंदावतो. मेंदूच्या तळाशी एक इवलासा भाग आहे, तो त्याचा एकच अर्थ लावतो: दुष्काळ पडला. मग तो खर्चाला कात्री लावतो. अंगातली ऊब कमी करतो, हातापायांची चुळबूळ कमी करतो, भूक मात्र वाढवतो. माणूस बिचारा आणखी कमी खातो, आणि मेंदूची खात्रीच पटते. वजन अडतं ते इथं. एवढं जुन्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. पण गेल्या काही वर्षांत त्या भागाला लागूनच पेशींचा एक पुंजका सापडला होता. हा पुंजका दुष्काळ लक्षात ठेवतो. लहान वयात एकदा जरी जिवावरची उपासमार झाली, तरी या टंचाईपेशी पुढं जन्मभर जाग्या राहतात आणि ताटात पक्वान्न असलं तरी आतून ओरडत राहतात की उद्याचं काय.

"लहानपणी कधी उपाशी राहायची वेळ आली होती?"

अक्का आणि अभिनंदननं एकमेकांकडं बघितलं. महापूर आला तेव्हा आईवडील दोघंही सूतगिरणीत पाळीवर होते, ते पाण्यापलीकडं अडकले. चौदा वर्षांची शैलजा सात वर्षांच्या भावाला घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढली. दोन दिवस होडी आली नाही. जवळ बिस्किटांचा एकच पुडा. तो अभिनंदननं खाल्ला. अक्काला भूक नव्हती.

"मग बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी कपाटातून एक पट्टा काढला, डोकं दुखलं की बायका बांधतात तेवढ्या रुंदीचा. "यातून ध्वनिलहरी नेमक्या त्या पुंजक्यावर सोडता येतात. रोज सकाळी थोडा वेळ बांधायचा. पेशींना निरोप जातो की सुकाळ आहे, आता झोपा. मेंदू हात सैल सोडतो आणि वजन उतरायला लागतं. मात्र एकाशन बंद. आणि एक सांगून ठेवते. या पेशींच्या तारा भीतीच्या केंद्राशी जोडलेल्या आहेत. पट्टा चालू असेतोवर काही जणांना निवांत वाटतं. काळज्या कमी होतात."

"मग आमचाच फायदा की, डॉक्टर!" अभिनंदन हसून म्हणाला. "दिवसाला चार फोन असतात हिचे. जेवलास का, स्वेटर घातलास का, गाडी हळू चालव."

सगळे हसले. अक्कासुद्धा हसली. नियम मोडायचा म्हणून तिचा जीव खालीवर होत होता, पण भावासाठीच घेतलेला नियम भावासाठीच मोडायचा, असं तिनं मनाला समजावलं आणि पट्टा पिशवीत टाकला.

वजन उतरायला लागलं. ब्याऐंशी, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर. काटा "छान प्रयत्न!" म्हणायचा आणि अभिनंदनला त्या बाईचा मुका घ्यावासा वाटायचा. अक्काचा चेहरा उजळला, चालणं सैल झालं. फोन आधी चारावरून दोनवर आले, मग एकावर, मग एक दिवस आलाच नाही.

"आठवडा झाला, अक्कांचा फोन नाही," सुजाता म्हणाली.

"मग काय वाईट आहे? जरा शांतता आहे."

"शांतता आहे खरी," सुजाता म्हणाली. "पण तुमच्या डायलिसिसच्या दिवशीसुद्धा नाही हो."

अभिनंदननं ते कानाआड केलं. पण त्याच संध्याकाळी तो बोर्डिंगवर गेला. अंधार पडत आला होता. दर संध्याकाळी या वेळी अक्का फाटकात उभी असायची आणि शेवटची मुलगी आत आल्याशिवाय तिथून हलायची नाही. आज फाटक उघडं होतं आणि तिथं एका मुलीची भेटायला आलेली आई तणतणत होती, क्लासवरून मुलगी अजून आली नाही, आणि तुमच्या बहिणीला सांगितलं तर म्हणतात कशा, येईल की.

अक्का आपल्या खोलीत जेवत बसली होती. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर दही. प्रत्येक घास ती असा चावत होती की जणू आयुष्यात पहिल्यांदाच चव कळत होती.

"अगं, ती मुलगी?"

"आली असेल एव्हाना," अक्का म्हणाली. आणि मुलगी खरंच आली होती. फाटकातली तणतण थांबली होती. "बघ, आली. मी तीस वर्षं तिथं उभी राहिले, तेव्हापण त्या येतच होत्या."

जेवण झाल्यावर तिनं एक केळं सोललं आणि निवांत खाल्लं. अभिनंदनला केळं वर्ज्य होतं. किडनी गेलेल्या माणसाला त्यातलं पोटॅशियम बाधतं. त्याचं हे पथ्य सुरू झाल्यापासून अक्कानं त्याच्यासमोर कधी केळं सोललं नव्हतं, खोलीत असलं तर ती पदराखाली झाकायची. आता ती साल बाजूला ठेवून म्हणाली, "वसईचं आहे. गोड आहे बघ."

तो बघतच राहिला. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. पण वजन शहात्तरवर आलं होतं, आणि त्यापुढं बाकी सगळं किरकोळ होतं.

शहात्तरच्या खाली काटा गेला तसं समितीचं बोलावणं आलं. नात्यातला असला तरी अवयव देणाऱ्या माणसाला समितीसमोर जावंच लागतं. कुणाचा दबाव नाही ना, हे त्याला एकट्याला आत बसवून, कॅमेऱ्यासमोर विचारतात. सगळे त्याला नुसती औपचारिकता समजतात. अभिनंदननंही तेच समजून सकाळी दाढी करून नवा शर्ट घातला होता. अक्का आत गेली आणि चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात बाहेर आली.

"झालं?" सुजातानं विचारलं.

"झालं," अक्का म्हणाली. मग भावाकडं वळून, औषधाच्या दुकानात गोळी मिळाली नाही असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "अभि, मी नाही म्हटलं."

"काय नाही म्हटलं?"

"त्यांनी विचारलं, तुम्ही मनापासून देताय ना? मी विचार केला. मनापासून नव्हतं. मग नाही म्हटलं. पाणी आहे का रे जवळ?"

सुजातानं बाटली पुढं केली. अक्का सावकाश पाणी प्यायली.

हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ती तिघं एका टेबलाशी बसली. अभिनंदनला ओरडायचं होतं, पण दोन जिने उतरून त्याला धाप लागली होती. ओरडायलासुद्धा किडनी लागते.

"मी मरेन अक्का," तो कसाबसा म्हणाला.

"असं नको बोलू. डायलिसिसवर लोक जगतात. हाल होतात, मला माहीत आहे. वाईट वाटतं मला, खरंच वाटतं. पण पूर्वी ते वाईट वाटणं इथं सुईसारखं टोचायचं." तिनं छातीवर बोट ठेवलं. "आता टोचत नाही. आता नुसतं कळतं."

"मग माझ्यासाठी एवढं सगळं केलंस ते? नियम, एकाशनं?"

"भीतीनं केलं रे. तुला काही झालं तर, या भीतीनं. मला वाटायचं ती माया आहे. असेलही त्यात थोडी. पण पट्टा बांधल्यावर भीती गेली, आणि खाली बघते तर मी चक्क दमलेय. पंचावन्न वर्षांत मला पहिल्यांदा पोटभर वाटतंय, अभि. मला माझ्या शरीरातलं काही काढून द्यायचं नाहीये."

"बहीण आहेस तू माझी!"

"तू भाऊ आहेस की," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. "त्या गच्चीवर बिस्किटं तू खाल्लीस ना? मी म्हटलं, मला भूक नाही. आतडी पिळवटत होती माझी. तू सात वर्षांचा होतास, तुझी चूक नाही. पण नंतर तू मोठा झालास. आईवडील होते, तू होतास. इतक्या वर्षांत एकानं तरी विचारायचं की, शैला, तुला खरंच भूक नव्हती का ग?"

सुजातानं मान खाली घातली. खरं सांगायचं तर त्या क्षणी अभिनंदनला उत्तर शोधायचंच नव्हतं. त्याला किडनी हवी होती.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर ऐनापुरेंच्या दवाखान्यात जाऊन आदळला. माझी बहीण मला परत द्या, म्हणाला. डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. असं आपल्या पाहण्यात पहिल्यांदाच घडतंय, हे त्यांनी कबूल केलं.

"पट्टा बंद केला तर?"

"पेशी पुन्हा जाग्या होतील. वजन परत चढेल आणि चौऱ्याऐंशीवर जाऊन अडेल."

"म्हणजे बारीक असली तर देणार नाही, आणि द्यायला तयार झाली तर चालणार नाही!"

"तसं अगदी नाही," डॉक्टर सवयीनं समजावायला लागल्या. "भीती लवकर परतते, दोन-तीन आठवड्यांत. वजन चढायला काही महिने..." आणि मध्येच थांबल्या. अभिनंदनचा चेहरा त्यांनी पाहिला होता. "नाही. हे तुमच्या हातात नाही. पट्टा ठेवायचा की काढायचा ते त्या ठरवतील. पुढच्या महिन्यात तपासणीला येतील तेव्हा मी स्वतः त्यांना समजावून सांगेन. तुम्ही त्यात पडायचं नाही. कळलं?"

"कळलं," अभिनंदन म्हणाला. त्याला फक्त आठवड्या-महिन्यांचा हिशेब कळला होता: भीती आधी परतणार, वजन मागाहून.

"निदान विचारून बघा अक्कांना," घरी सुजाता म्हणाली. "सगळं सांगा, आणि मग विचारा. कदाचित त्या स्वतःहून काढतील."

"आणि नाही म्हणाली तर?"

सुजातालाही नवरा हवा होता. ती उठून कुकर लावायला गेली आणि त्या घरात या विषयावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

अभिनंदन बोर्डिंगवर गेला तेव्हा अक्का अंगणात खुर्ची टाकून उन्हाला बसली होती. मुली आसपास दंगा करत होत्या आणि तिला त्याचं काही नव्हतं. त्याला बघून ती मनापासून हसली. कालच्या कँटीनमधल्या बोलण्याचा तिच्या मनात कसलाही सल नव्हता.

"ऐनापुरेबाईंकडं गेलो होतो," तो म्हणाला. "म्हणाल्या, वजन झालं, कोर्स संपला. पट्टा परत मागितलाय. तपासणीलाही आता घाई नाही, त्या कळवतील."

"एवढ्यात?" अक्काच्या चेहऱ्यावर जराशी निराशा आली. "बरं वाटत होतं रे."

लहानपणापासून अभिनंदन खोटं बोलला की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आई फसायची, मास्तर फसायचे, अक्का कधीच फसली नव्हती. त्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची आणि कान धरायची. आताही पाळ्या तापल्याचं त्याला जाणवलं आणि तो थांबला. तिनं कान धरला असता तर त्यानं सगळं ओकून टाकलं असतं. पण ते टक लावून बघणंसुद्धा काळजीचंच होतं, आणि काळजी तर आता झोपली होती. अक्का आत गेली, पट्टा घेऊन आली, पदरानं पुसला आणि त्याच्या हातात ठेवला.

"बाईंना म्हणावं, उपकार झाले."

त्यानं तो घरी नेऊन ड्रोनच्या जुन्या बॅटऱ्यांच्या कपाटात टाकला. मग वाट बघणं सुरू झालं. ज्याला बहिणीच्या फोनचा जाच व्हायचा तो आता फोन उशाशी घेऊन बसायला लागला. डायलिसिसच्या खुर्चीत एका हातात सुया आणि दुसऱ्या हातात फोन. एक आठवडा काही नाही. दुसऱ्या आठवड्यात सुजातानं बातमी आणली की अक्का परवा फाटकात उभी होती. त्या दिवशी अभिनंदननं पथ्य मोडून अर्धा पेढा खाल्ला.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी फोन वाजला.

"अभि? घरीच आहेस ना? ठीक आहेस ना?" आवाज दबका होता, धावत आल्यासारखा. "काही नाही, उगाच छातीत धस्स झालं. स्वेटर घातलायस का? गार वारं आहे बाहेर."

"घातलाय, अक्का," तो म्हणाला. आणि त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. त्यानं हातानंच सुजाताला खूण केली. ती दारात येऊन उभी राहिली.

पलीकडं अक्का रडायला लागली होती. "मी असं कसं बोलले रे त्या लोकांसमोर? माझ्या तोंडून गेलंच कसं? तू समोर बसलेलास, चेहरा काळवंडलेला, आणि मी पाणी मागते! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कोण शिरलं होतं माझ्या अंगात? मी समितीला फोन केलाय. परत बोलवा म्हटलं. म्हणाले, मन बदलता येतं, पुढच्या सोमवारी या. चालेल ना तुला? घेशील ना माझी?"

"घेईन, अक्का."

"मला माफ कर, अभि. हात जोडते. कर माफ."

कपाटात पट्टा होता. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सुजाता दारातून त्याच्याकडं बघत होती, आणि मग तिनं नजर दुसरीकडं वळवली.

"केलं," अभिनंदन म्हणाला. "माफ केलं."

पलीकडं अक्कानं मोठा सुस्कारा सोडला. नाक ओढलं. आवाज पुन्हा नेहमीचा झाला, घाईचा आणि हुकमी. "नाश्ता केलास का? सोमवारपर्यंत अंगात ताकद ठेव. सुजाताला म्हणावं, मऊ भात कर."

"करतो. तू खाल्लंस काही?"

"मी होय?" अक्का म्हणाली. "मला नाही रे भूक."

त्यानं फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडं मुलींचा गलका ऐकू येत होता, आणि अक्का त्याच्या बोलण्याची वाट बघत थांबली होती. अभिनंदननं पुढं काही विचारलं नाही.